चावडीची चावी

१

जुम्म्याची नमाज आटोपली, मशिदीच्या पायरीवर चार गप्पा झाल्या आणि युनूसभाई दुकानात परतले. शटर वर केलं, आल्यावर हातासरशी जे करायचं ते केलं, खुर्चीत टेकले आणि कॉम्प्युटरच्या पडद्याचं बटण दाबलं. पडदा उजळला मात्र, युनूसभाईंचा चेहरा पडला. पडद्यावर इंग्रजीत तीन ओळी होत्या. तुमची चावी खोटी आहे. फुकट वापराची मुदत संपली. चावडी बंद.

वरच्या मजल्यावर अमीनाबी भेंडी चिरत होत्या. खालून चोरी झाल्याची आरोळी आली तशा त्या हातातल्या सुरीसकट जिना उतरल्या. दुकानात नजर फिरवली. दुरुस्तीला आलेले रेडिओ जागेवर, गल्ला जागेवर, भिंतीवरची टोपी नवऱ्याच्या डोक्यावर.

"गेलं काय?" त्यांनी विचारलं.

"चावी."

"दुकानाची?"

"चावडीची," युनूसभाई म्हणाले आणि डोकं धरून बसले. अमीनाबींनी सुरी काउंटरवर ठेवली, कारण आता प्रकरण लांबणार हे त्यांना कळलं.

ही चावडी म्हणजे काय, हे नवीन माणसाला सांगायला हवं. सत्त्याण्णव साली वाशीममध्ये इंटरनेट म्हणजे कशाशी खातात हे कुणाला ठाऊक नव्हतं. तेव्हा रेडिओ दुरुस्त करणाऱ्या युनूसभाईंनी एक जुनापुराणा कॉम्प्युटर आणला, फोनच्या तारेला मोडेम जोडला आणि फोनवरची चावडी सुरू केली. ज्याच्याकडे कॉम्प्युटर असेल त्यानं आपल्या गावातून फोन लावायचा, एका वेळी एकानं, आणि पडद्यावर चिठ्ठ्या वाचायच्या, लिहायच्या. तुरीचे भाव, कोडी, टोमणे, लग्नाची आमंत्रणं, सगळं त्यावर चाले. फोन लावणारे पाच-सातच होते, पण गप्पा पन्नास माणसांच्या.

चावडी ज्या सॉफ्टवेअरवर चाले ते कॅनडातल्या एका गृहस्थानं लिहिलेलं. आधी फुकट वापरा, आवडलं तर नोंदणी करा, मग मी चावी पाठवीन, अशी त्याची भलेपणाची रीत. चावी नसेल तर मुदत संपली की सगळं बंद. वाशीमहून कॅनडाला पैसे पाठवायचे कसे, हे बँकेतल्या साहेबालाही सांगता आलं नाही. तेव्हा युनूसभाईंचा जोडीदार धरमसिंग, ज्याचा मेडशीच्या स्टँडवर एसटीडी बूथ होता आणि चावडीवर पहिला फोन ज्यानं लावला होता, तो नागपुराहून कुणाची तरी चोरलेली चावी फ्लॉपीवर घालून घेऊन आला. चोरीची चावी आपल्या दाराला नको, असं युनूसभाई म्हणाले. शब्दानं शब्द वाढला. मोडेम धरमसिंगच्या पैशाचा होता. त्यानं तो उपटला, काखेत मारला आणि मेडशीची एसटी धरली. मुदत संपली, चावडी बंद झाली आणि दोस्तीही तिच्याबरोबर माळ्यावर गेली.

आता इतक्या वर्षांनी नातीनं, यूसरानं, ते धूड माळ्यावरून खाली काढलं. यूसरा कॉम्प्युटरच शिकते. कुठून तरी जुना मोडेम मिळवला, दुसरा कॉम्प्युटर वरच्या खोलीत ठेवला, मधे इंटरकॉम जोडला. दादांची एकच अट होती, की नोंदणी केल्याशिवाय चावडी उघडायची नाही. पोरीनं कॅनडातला म्हातारा शोधून काढला. तो जिवंत होता आणि खूश झाला. इतक्या वर्षांत नोंदणीला आलेले तुम्ही पहिलेच, पैसे नकोत, तुमच्या चावडीचा एक फोटो पाठवा, असं त्यानं कळवलं. वर एक गंमतही लिहिली. फुकटाची मुदत लांबवायला लोक मशीनची तारीख मागं फिरवत, म्हणून माझं सॉफ्टवेअर संशयी आहे. चावी दिली त्याच्या आधीची तारीख दिसली की ते समोरच्याला चोरच समजतं.

चावी आली, गुरुवारी संध्याकाळी बसली. त्या मशीनला स्वतःचं घड्याळसुद्धा नाही. चालू केलं की आज कोणता दिवस ते त्याला हातानं सांगावं लागतं. यूसरा म्हणाली, आपल्या मोठ्या आजोबांना सकाळी उठल्यावर सांगावं लागायचं तसंच. मशीन पिठाच्या गिरणीसारखं घरघरायला लागलं आणि युनूसभाई त्याच्यापुढून हलेनात. डबा दुकानातच मागवला, रात्री गादीही तिथंच टाकली. रविवारी जुने फोनवाले जमणार होते. आणि युनूसभाईंनी स्वतः मेडशीला फोन लावून धरमसिंगला बोलावलं होतं. जुम्म्याच्या दुपारी तीनला ये, सगळ्यांच्या आधी तू पाहा. त्या एका फोनसाठी ते आठवडाभर घसा खाकरत होते, हे अमीनाबींनी ऐकलं होतं.

यूसरानं चावी पुन्हा फ्लॉपीवरून घालून पाहिली. पडद्यानं तेच तीन वाक्यांचं तोंड वाजवलं.

"चावी बरोबर हाये," ती म्हणाली. "मशीनलेच कोनं तरी हात लावला, दादा."

एवढ्यात समोरच्या रसवंतीवाल्या साधनाताई पदराला हात पुसत आल्या. वर्षापूर्वी जळालेल्या कापडदुकानाच्या मोकळ्या जागेवर त्यांची रसवंती आहे, आणि तिथून युनूसभाईंचं दुकान सरळ दिसतं.

"म्या पाह्यलं," त्या म्हणाल्या. "अर्ध्या शटरखालून आत गेला. भर दुपारी टॉर्च लावून तुमच्या मशीनीच्या मांगं काईतरी करून राह्यला होता. मेडशीवाला धरमसिंग."

२

युनूसभाईंचा हात फोनकडे गेला आणि अमीनाबी नको म्हणेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं.

"तवा मोडेम नेला, आता चावडीच न्याले आला होता का?" युनूसभाई फोनमध्ये म्हणाले. पलीकडे एसटीचा हॉर्न वाजला. मग फोन ठेवल्याचा आवाज.

ठेवला फोन आणि युनूसभाईच रडवेले झाले. अमीनाबी चिडल्या. आठवडाभर घसा खाकरून जोडलेलं एका वाक्यात तोडलं होतं या माणसानं. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण माणसं त्यांना कळत, आणि मशीनला हात लावतात ती माणसंच. त्यांनी यूसराला हाताशी धरलं आणि चौकशी आपल्याकडे घेतली.

पहिला संशयित घरातलाच. पुतण्या तनवीर जुनी मशीनं घेऊन पुण्याच्या हौशी लोकांना विकतो. या मशीनवर त्याचा डोळा होता, आणि चावडी चालली नाही तर चाचा ते देऊन टाकतील, हा हिशेब त्याला कुणी सांगायला नको होता. शनिवारी सकाळी तो चहाला आला तेव्हा अमीनाबींनी बिस्किटांची बशी पुढं केली आणि काल कुठं होतास, असं सहज विचारलं. तनवीर लपवाछपवी करणारा नव्हे. नमाज झाल्याबरोबर तो दुकानात आला होता. शटर अर्धं होतं, आणि या बाजारात अर्ध्या शटरचा अर्थ लहान पोरालाही कळतो, की मालक येतच आहे, आत बसा.

"बसलो असतो, चाची, पन पंख्याखाली बसून घामाघूम झालो," तो म्हणाला. "पाच मिनिटं दम धरला अन निंगालो. पडदा बंद होता. बोट पन नाई लावलं, अल्ला कसम."

दुसरे रविकांत सर, शेलूबाजारचे निवृत्त मास्तर. चावडीवर कोड्यांची स्पर्धा असे, तिच्यात सर दुसऱ्या नावानं येऊन स्वतःचीच वाहवा करत. युनूसभाईंनी ते पकडून त्यांना महिनाभर चावडीबाहेर बसवलं होतं. तो महिना सर अजून विसरले नव्हते. रविवारपर्यंत धीर निघेना म्हणून शुक्रवारी दुपारीच तेही येऊन पोचले होते. पण उकाड्यानं हैराण होऊन आधी रसवंतीवर टेकले, कूलरसमोरची खुर्ची धरली आणि उठायचं नावच घेतलं नाही.

"दोन गिलास रस पेलो," सर फोनवर अगदी जबाबासारखं सांगत होते. "साधनाबाईचा चरक फिरूनच राह्यला होता, मोटरीच्या आवाजात कोनाचं बोलनं ऐकू ये ना. धरमसिंगले आत जाताना मी बी पाह्यलं. मी गेलो नाई. त्यानं अन मी एकाच वेळी युनूसभाईसमोर उभं राहावं, हे मले बरं नाई वाटलं."

अमीनाबींनी फोन ठेवला आणि खिडकीतून समोरच्या रसवंतीकडे बघत राहिल्या. खांब एक. त्याच खांबावरून एक तार रसवंतीकडे, एक दुकानाकडे. त्यांच्या कपाळाला आठी पडली, ती यूसराला ओळखीची होती. शिवणात एक टाका चुकला की दादीच्या कपाळावर नेमकी तीच आठी येते.

"बुरखा आन," त्या म्हणाल्या. "मेडशीले जाऊ."

३

अकोल्याच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. मालेगाव गेलं, नांगरून तापत पडलेली सोयाबीनची रानं गेली, आणि यूसरानं दादीला चारदा विचारलं की चोर कोण. दादीनं चारही वेळा तिला भाजलेले शेंगदाणे दिले.

मेडशीच्या स्टँडवर जिथं एसटीडी बूथ होता तिथं आता मोबाईलचं दुकान आहे आणि ते धरमसिंगचा मुलगा चालवतो. घर मागेच. धरमसिंगच्या बायकोनं, बेबीबाईंनी, अमीनाबींना दारात पाहिलं आणि कसलाही राग न ठेवता गळामिठी घातली. बायकांचं भांडण कधी नव्हतंच. ते नवऱ्यांचं होतं आणि त्यांनीच सांभाळलेलं. धरमसिंग मात्र बाजेवर बसून होते, नजर कौलांकडे.

"भाभी, तुमी आल्या, चहा घ्या," ते म्हणाले. "पन त्याच्या दुकानाचं नाव माह्यासमोर घेऊ नका. चोर म्हनला मले. एवढ्या वर्षानं बोलावून चोर म्हनला."

अमीनाबींनी चहा घेतला. बेबीबाईंच्या सुनेची, नातवांची, दातदुखीची चौकशी केली. बशी खाली ठेवली आणि मग विचारलं.

"भाऊ, एकच सांगा. भर दुपारी टॉर्च कायले लावला?"

धरमसिंगनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की हा काय प्रश्न झाला.

"अंधार होता म्हनून. अर्धं शटर, बत्ती नाई, आत काय दिसते? मले वाटलं लाईन गेली."

"अन मशीनीचा आवाज?"

"कायचा आवाज? मशिदीत गेल्यावानी शांत होतं सारं."

अमीनाबी हसायला लागल्या. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बेबीबाई काही न कळताच त्यांच्याबरोबर हसू लागल्या, कारण त्या हसण्यात राग नव्हता. धरमसिंग मात्र गोंधळले आणि थोडे विरघळलेही.

"पन मशीनीमांगं काय करून राह्यले होते तुमी?" हसू आवरत अमीनाबींनी विचारलं.

आता धरमसिंगनी मान खाली घातली. त्याचं उत्तर ते काही केल्या देईनात. तो यायच्या आधीच जे ठेवायचं होतं ते ठेवून निघालो, त्यानं पाहिलं तर पाहिलं, नाही तर नाही, एवढंच पुटपुटले. अमीनाबींनी ताणलं नाही. त्या उठल्या, बुरखा चढवला.

"उद्या वाशीमले या. चोर मले सापडला. तुमच्यासमोर उभा करते."

"त्यानं बोलावलं तर पाहीन."

"त्यानं एकदा बोलावलं, ते पुरलं नाई का? आता मी बोलावून राह्यली."

परतीच्या एसटीत यूसरानं पाचव्यांदा विचारलं. अमीनाबींनी या वेळी शेंगदाणे दिले नाहीत, उलट विचारलं. "तुह्या मशीनले तारीख सांगितलीच नाई, तर थे काय समजते?"

"एकोनीसशे ऐंशी," यूसरा म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचे डोळे मोठे झाले. "पन दादी, मशीन तर गुरवारपासून बंदच नाई झालं. दादा तर म्हनतात..."

"दादा म्हनतात," अमीनाबी म्हणाल्या आणि निवांत डोळे मिटून बसल्या.

४

रविवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. जुने फोनवाले आले होते, त्यांच्या बायका आल्या होत्या, रविकांत सर नवीन टोपी घालून आले होते. तनवीर कोपऱ्यात उभा होता. मशीन घरघरत होतं आणि पडद्यावर तीच तीन ओळींची लाज. युनूसभाईंना वाटत होतं, सगळ्यांना परत पाठवावं. इतक्यात शटरखालून बेबीबाई आल्या आणि त्यांच्या मागं, डोक्याला पटका बांधून, धरमसिंग. दोघे दोस्त समोरासमोर उभे राहिले आणि दोघांनीही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

अमीनाबी बाकावर बसल्या. उभ्यानं बोलायची त्यांना सवय नव्हती.

तनवीर पंख्याखाली घामाघूम झाला, तेव्हाच त्यांना पहिली शंका आली होती. पंखा फिरत असता तर तो घामाघूम कशाला होईल? म्हणजे दुकानातली लाईन बंद होती. पण गेली होती म्हणावं, तर समोर त्याच खांबावरचा रसवंतीचा चरक फिरत होता आणि सर कूलरसमोर बसून रस पीत होते. म्हणजे लाईन गल्लीची गेली नव्हती. ती दुकानातच, मेन स्विचवरून, कुणीतरी बंद केली होती. धरमसिंगभाऊंचा टॉर्चही हेच सांगत होता. दिवा असताना टॉर्च कोण लावतो? चोर असता तर अंधार त्याच्या फायद्याचा होता, त्यानं गल्लीला दाखवत टॉर्च लावलाच नसता. आणि विचारल्यावर त्यांनी सांगितलं की मशीनची घरघर नव्हती.

"मशीन बंद पडलं," अमीनाबी म्हणाल्या. "मंग लाईन आली, थे आपोआप चालू झालं. पन त्याले आज कोनता दिवस हाये थे कोनी सांगितलंच नाई. थे बिचारं ऐंशी सालात बसलं हाये. अन कॅनडाच्या बुढ्यानं सांगितलं होतं, मांगची तारीख दिसली का थे चोरच समजते."

दुकानात कुजबुज झाली. यूसरानं कीबोर्ड ओढला, मशीनला तारीख विचारली. पडद्यावर आलं, जानेवारी, एकोणीसशे ऐंशी.

"पन स्विच बंद कोनं केला?" युनूसभाईंनी आवाज चढवला. "त्याचं नाव सांग."

"सांगते. आधी तुमी सांगा. नमाजीहून आले, दुकान अंधारात होतं. तुमी कोनाले विचारलं का, का बाबा, लाईन कोनं बंद केली?"

युनूसभाईंनी मेन स्विचकडे पाहिलं.

"नाई विचारलं. कारन तुमाले अंधार दिसलाच नाई. दुकानात अंधार असून ज्याले दिसत नाई, असा एकच मानूस. ज्यानं थो स्वतः केला. आले, शटर वर केलं, स्विच वर केला, बसले. हात करते, मन दुसरीकडे."

युनूसभाईंनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो हात जणू दुसऱ्याचाच होता. समोरचं कापडदुकान भर दुपारी, मालक जेवायला गेलेला असताना, एका तारेच्या ठिणगीनं राख झालं, त्या दिवशी अमीनाबींनी त्यांना कसम घातली होती. दुकानात माणूस नसताना लाईन चालू ठेवायची नाही. तेव्हापासून युनूसभाई दुकानाबाहेर पाऊल टाकताना मेन स्विच खाली करत. गुरुवारपासून ते दुकान सोडून कुठं गेलेच नव्हते. डबा इथं, गादी इथं. गेले ते एका जुम्म्याच्या नमाजीला, आणि कसम त्यांच्या आधी त्यांच्या हाताला आठवली.

"म्हंजे चोर मीच," युनूसभाई म्हणाले.

"अर्धे तुमी. कसम घालनारी मी," अमीनाबी म्हणाल्या, आणि पहिलं हसू बेबीबाईंना फुटलं. मग सगळं दुकान हसलं. तनवीर हसला, सर टोपी काढून हसले. हसले नाहीत ते दोघंच.

यूसरानं आजची तारीख घातली आणि चावडी पुन्हा चालू केली. पडदा एकदा मिटला, उघडला. वाशीम चावडी. खाली एक ओळ होती, ती यूसरानं मोठ्यानं वाचली. नोंदणीकृत. मालक, युनूस आणि धरमसिंग.

धरमसिंगनी पडद्याकडे दोनदा पाहिलं. चष्मा काढला, पटक्याच्या टोकानं पुसला, परत लावला.

"माह्यं नाव काहून टाकलं?"

"बुढ्यानं चावडीचा फोटो मांगतला. माह्यापाशी एकच होता," युनूसभाई म्हणाले. "त्यात आपन दोघं उभे हाओ. चावी एकट्याच्या नावानं कशी घेऊ?"

धरमसिंग मशीनकडे वळले. मशीनमागच्या तारांच्या जंजाळात हात घातला आणि तिथून मळकट पांढरी डबी बाहेर काढली. तो जुना मोडेम होता, काखेत मारून नेलेला. शुक्रवारी टॉर्च लावून त्यांनी तो तिथंच, त्याच्या जुन्या जागी ठेवला होता. युनूसभाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि मग कोणी कोणाला मिठी मारली हे साधनाताईंनाही नीट दिसलं नाही, कारण त्या स्वतः डोळे पुसत होत्या.

जुना मोडेम जोडला. धरमसिंग वरच्या खोलीत गेले, फोन लावला. खाली मोडेम किंचाळला, शिट्ट्या मारल्या, खरखरला, आणि पडद्यावर पहिली चिठ्ठी उमटली. तुरीचा भाव काय? युनूसभाईंनी उत्तर टाइप केलं. भाव मंग पाहू, आधी खाली जेवाले ये.

आता चावडी दर जुम्म्याला भरते. पहिल्याच जुम्म्याला अजान झाली, युनूसभाईंनी टोपी घातली, चपला सरकवल्या आणि त्यांचा उजवा हात आपल्या सवयीनं मेन स्विचकडे गेला.

"हात खाली," आतून आवाज आला. धरमसिंग सकाळच्या एसटीनं आले होते आणि खुर्चीत मांडी घालून बसले होते. "मानूस असला का लाईन चालू ठेवता येते ना? मंग मी बसलो हाओ. जा तू."

युनूसभाई गेले. शटर अर्धं होतं, पंखा फिरत होता आणि मशीन घरघरत होतं.